ताकद वाढवायला आलेली स्कॉर्पिओ: साताऱ्यातल्या एका गाडीचं प्रकरण

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की आमच्याकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या, पाचट आणि धूळ एकदमच येतात, आणि त्यांच्या मागोमाग गॅरेजात "गाडी ओढत नाही" म्हणणारी गिऱ्हाइकं. त्याच आठवड्यात कोरेगाव तालुक्यातला पंचविशीतला एक तरुण २०१८ ची स्कॉर्पिओ एस-११ घेऊन आला. घरचा ऊस आणि आलं, गाडी दोन वर्षांपूर्वी आतेभावाकडून घेतलेली, मीटरवर ९८ हजार किलोमीटर.

"मामा, गाडी वरच चढंना. यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्याला दम टाकती. ताकद वाढवून द्या."

त्याच्या मोबाइलवर बाहेरगावच्या एका दुकानाचा भाव होता. रिमॅप (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापासून) मागपर्यंत सरळ पाइप, बॉनेटखाली शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर (कोन फिल्टर), सगळे मिळून ७८ हजार. सुरुवात करणाऱ्यांसाठी हे पॅकेज आहे असं त्याला सांगितलं होतं. त्याला माझ्याकडून फक्त दुजोरा हवा होता आणि जमलं तर थोडं स्वस्तात काम.

गाडीवर आधीच बरंच काही झालेलं होतं. कंपनीच्या २३५/६५ आर १७ टायरांच्या जागी २६५/६५ आर १७ चे दणकट खाचांचे टायर, टपावर लोखंडी कॅरिअर, पुढे लोखंडी गार्ड, आणि मागचा सायलेन्सर कापून त्या जागी चकचकीत तोंडाचा एक पाइप. ते शेवटचं काम गावाकडे साडेचार हजारात झालं होतं.

मी त्याला एवढंच म्हणालो, की या इंजिनाला कंपनीने १४० अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दिलाय. तो चाकापर्यंत पोचतोय का ते आधी बघू, मग वाढवायचं ठरवू. त्याला पटलं नाही, पण गाडी दोन दिवस ठेवायला तयार झाला.

मोजल्याशिवाय हात नाही

"पिकअप कमी झालाय" हे वाक्य रोज ऐकतो. त्याच्यामागे दहा कारणं असतात, म्हणून मी आकडा घेतल्याशिवाय पाना उचलत नाही. पहाटे साडेपाचला, रहदारी नसताना, कोरेगाव रस्त्याच्या एका सरळ तुकड्यावर तिसऱ्या गियरमध्ये ताशी ४० ते ८० जायला किती सेकंद लागतात ते मोजलं. जाताना तीनदा, येताना तीनदा, म्हणजे चढउताराचा आणि वाऱ्याचा फरक निघून जातो. वेग मीटरवर न बघता मोबाइलच्या जीपीएसवर घेतला. कारण टायर बदललेल्या गाडीचा स्पीडोमीटर खोटं बोलतो, त्याचा हिशोब पुढे येतोच. सरासरी आली ११.८ सेकंद. निरोगी एस-११ ला एवढा वेळ लागू नये.

मग स्कॅनर लावून यवतेश्वरचा घाट चढलो. शेजारी मालकाला बसवलं आणि स्क्रीनवरच्या दोनच ओळी बघायला सांगितल्या: ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) टर्बोकडे मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब. सपाटीवर हलक्या पायाने दोन्ही आकडे जोडीनं चालत होते. घाटाच्या पहिल्या मोठ्या वळणानंतर पाय पूर्ण दाबला आणि मागणी वर गेली, मिळकत खाली राहिली. फरक जवळजवळ ०.४ बार. आरशात काळा धूर, आणि गिअर बदलायच्या आधी डॅशबोर्डच्या पलीकडून बारीक शिट्टी. एरर कोड मात्र एकही नव्हता. ठरलेल्या मर्यादेबाहेर ठरावीक वेळ फरक राहिला तरच ईसीयू कोड नोंदवतो, त्यामुळे "स्कॅनरला काही आलं नाही, म्हणजे गाडी ठीक" हा निष्कर्ष धोक्याचा असतो.

घाटातच त्रास का, हेही इथंच कळतं. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, हा घाट ज्या बाजूला चढतो ते कास पठार सुमारे १२०० वर. ५०० मीटरच्या चढाईत हवा पाचसहा टक्क्यांनी विरळ होते. टर्बो धडधाकट असला तर तो थोडा जास्त फिरून ती कसर भरून काढतो, म्हणूनच टर्बो डिझेल घाटात बिनटर्बोच्या इंजिनापेक्षा जास्त भरवशाचं. पण दाबलेली हवा वाटेत गळत असेल तर टर्बो आधीच कमाल मेहनत करत असतो. त्याच्याकडे शिल्लक काही उरत नाही.

इथं माझी एक चूक झाली, तीही लिहायला हवी. धूर बघून मी ईजीआर व्हॉल्व्ह धरला. एक लाखाच्या आसपासच्या डिझेलमध्ये तो काजळीनं भरलेला असतो, आणि उघडा राहिला तर जळका धूर परत आत जाऊन ताज्या हवेची जागा खातो. अर्धा दिवस घालवून तो काढला, साफ केला, बसवला. काजळी निघाली खरी, पण परत मोजल्यावर वेळ ११.७. म्हणजे काही नाही. स्कॅनरवर दाबाची तूट डोळ्यांसमोर होती, तर आधी गळतीच शोधायला हवी होती. ती मजुरी मी बिलात धरली नाही.

साबणाचा फेस

दुसऱ्या दिवशी सकाळी टर्बोच्या तोंडाला बूच लावलं आणि त्यातून कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरवर एक बारला बांधून आत सोडली. मग ब्रशने साबणाचं पाणी एकेका जोडावर. पहिल्या तीन जोडांवर काही नाही. टर्बोकडून इंटरकूलरकडे (दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा रबरी होज वरून अगदी नवा दिसत होता. खालच्या बाजूला हात घातला तर बोटांना तेलाचा पातळ थर लागला, आणि ब्रश टेकवताच तिथं फेस फुगू लागला. आधी चार बुडबुडे, मग मुठीएवढा पांढरा गोळा, फुटायचा आणि परत फुगायचा. मालक आरसा आणि बॅटरी धरून वाकून बघत होता. तो नुसता "आयला" म्हणाला.

क्लॅम्प तिरका बसलेला होता. आधी कधीतरी कुठेतरी काम करताना होज काढला असणार आणि परत लावताना क्लॅम्प होजच्या कडेवर चढवून आवळला असणार. त्याच्या पट्टीनं रबर कापत नेलं होतं. चीर दीड इंचाची. गाडी उभी असताना ती मिटलेली, दाब आला की उघडणारी. आरामात चालवताना म्हणून काहीच जाणवत नव्हतं.

एअर फिल्टर काढून वर्तमानपत्रावर हलके आपटला. माती तर पडलीच, पण पाचटीची कुसळंही पडली, काही घड्यांमध्ये आडवी अडकलेली. २१७९ सीसीचं हे इंजिन ३००० आरपीएमला टर्बोच्या दाबासह ढोबळ हिशोबानं मिनिटाला सहा हजार लिटर हवा ओढतं. गाळपाच्या दिवसांत ट्रॉलीच्या मागे दहा मिनिटं चाललात तरी त्यातून काय काय आत जात असेल, याचा अंदाज करा. आमच्या भागात पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरची वाट न बघता नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याला फिल्टर उघडून बघावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

म्हणूनच उघडा कोन फिल्टर मला या भागात मान्य नाही. त्यातून हवा मोकळी येते हे बरोबर. पण येते कुठून? बॉनेटखालून. बाहेर ३० अंश असताना बॉनेटखाली ६० अंश सहज असतात, आणि तेवढ्या फरकानं हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. इंटरकूलर त्यातलं काही परत मिळवून देतो, सगळं नाही. शिवाय बारीक धूळ आत गेली की टर्बोची पाती हळूहळू झिजतात. कंपनीचा बंद डबा बाहेरची थंड हवा घेतो, पावसाचं पाणी वेगळं करतो, आणि कागदी फिल्टर काही शे रुपयांत मिळतो.

नवा होज, दोन नवे क्लॅम्प, नवा फिल्टर. तोच रस्ता, तीच पहाट. ९.४ सेकंद.

गाडीमालक परत येताना गप्प होता. गॅरेजात उतरल्यावर म्हणाला, "म्हंजी मी ताकद विकत घ्यायला आलो आन ती माझ्याच गाडीत हुती?"

टायर आणि अडकलेलं चाक

२३५/६५ आर १७ टायरचा व्यास सुमारे ७३७ मिलिमीटर. २६५/६५ आर १७ चा ७७६. फरक ५.३ टक्के. दिसायला तीनचार सेंटिमीटर, पण प्रत्येक गियर तेवढ्यानं लांब झाल्यासारखा होतो. जमिनीवर पोचणारा जोर पाच टक्क्यांनी कमी, म्हणजे ३२० न्यूटन मीटरचे ३०४ केल्यासारखे. त्यावर टायरचं जास्तीचं वजन, आणि ते फिरणारं वजन. शिवाय मीटर ९५ दाखवतो तेव्हा गाडी खरी १०० ने पळत असते. किलोमीटरही कमीच पडतात, त्यामुळे हा पोरगा "नऊचं ॲव्हरेज देते" म्हणत होता ते प्रत्यक्षात साडेनऊ होतं. तेवढाच त्याला दिलासा.

टायर बदलायचे म्हटल्यावर वाद झाला. मोठ्या टायरांमुळे गाडी भरल्यासारखी दिसते, हे मलाही दिसत होतं. शेताच्या वाटेला चिखल असतो, खाचांचे टायर लागतात, ही त्याची गरजही खरी. मग कंपनीच्याच मापात, २३५/६५ आर १७ मध्ये, रस्ता आणि माती दोन्हीला चालणाऱ्या खाचांचे टायर घेतले. जुने फारसे झिजले नव्हते, ते विकून बरेच पैसे परत आले.

टायर काढायला गाडी उचलली तेव्हा पुढचं डावं चाक हातानं नीट फिरेना. चालवून आल्या आल्या टेंपरेचर गन लावली: उजवी डिस्क ७० अंश, डावी १४०. कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या होत्या, ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहत होते. पाय ब्रेकवर ठेवून गाडी चालवावी तसा हा प्रकार. पिना साफ करून त्यांना योग्य ग्रीस, नवे बूट, दोन्ही बाजूंचे पॅड, आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. घाट उतरताना पॅडल मऊ पडण्यामागे पुष्कळदा हेच असतं. पसरणी किंवा कुंभार्ली घाट उतरणाऱ्या गाडीत पहिली सुधारणा कोणती म्हणून मला विचारलं, तर मी हीच सांगेन. चढायला जोर वाढवायचा आणि उतरायला जुनंच ब्रेक ऑइल, हे मला पटत नाही.

टपावरचं कॅरिअर काढलं. पुढच्या लोखंडी गार्डबद्दल फार बोलावं लागलं नाही. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना असे गार्ड काढायला लावा म्हणून कळवलेलं आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपून धक्का गिळावा म्हणून बनवलेला असतो, गार्ड तो धक्का थेट चॅसिसला नेतो, आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याची काही खैर नाही.

पुन्हा मोजलं: ८.७.

सायलेन्सर

आता त्याच्या जीवाभावाचा विषय. सायलेन्सर कापल्यावर गाडीला जोर आला, असं तो छातीठोक सांगत होता. त्याला तसं वाटलं होतं यात शंका नाही. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, आणि होज गळत असल्यामुळे टर्बोचं सुसाटणंही जास्त ऐकू येत होतं.

बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात एक्झॉस्टच्या पाइपांची लांबी-रुंदी जुळवून थोडाफार फायदा काढता येतो. "थोडा बॅक प्रेशर हवाच" ही समजूत त्याच जुन्या जुळवाजुळवीतून आली आहे. टर्बोच्या पुढे पाइप जितका मोकळा तितका टर्बाइनला बरं, हे खरं. तरीही नुसता मागचा भाग बदलून जोर का वाढत नाही? कारण दाब किती हवा ते ईसीयू ठरवतो. या टर्बोतल्या पाकळ्या उघडमिट होऊन ठरलेला दाब धरून ठेवतात. मागे वाट मोकळी झाली तर पाकळ्या किंचित वेगळ्या कोनात उभ्या राहतात, दाब तेवढाच, डिझेलही तेवढंच. मागणी बदलल्याशिवाय मोकळ्या पाइपाला देण्यासारखं काही नसतं. आणि १४० अश्वशक्तीच्या धुराला कंपनीचा पाइप अपुरा पडत नाही, तो त्याच हिशोबानं काढलेला असतो.

त्याचा पाइप तर मोकळाही नव्हता. खाली जाऊन बघितलं तर मागच्या ॲक्सलवरून जाणारं वळण साध्या बेंडिंगनं मारलेलं, आतल्या बाजूला चेपून घडी पडलेली. व्हर्नियर कॅलिपर लावून मापलं, त्या जागी पाइप कंपनीच्या पाइपाहून अरुंद भरला. रबरी हँगर एक गायब, म्हणून पाइप चॅसिसला टेकत होता.

घरच्यांची तक्रार मला नंतर कळली. मुलाचे वडील गाडी न्यायला आले होते, त्यांनी मला बाजूला घेतलं. "मिस्त्री, पैसं गेलं तर गेलं, पर ती बोंब बंद करा. म्हातारी हायवेला गाडीत बसंना झालीय." त्याचं कारण साधं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, २००० आरपीएमला सेकंदाला ६७. हायवेच्या चालीत इंजिन याच फेऱ्यांच्या आसपास असतं. ६७ हर्ट्झचा घुमा आवाज बंद केबिनमध्ये कानापेक्षा छातीत जास्त बसतो, आणि कंपनीच्या सायलेन्सरमधले कप्पे मुख्यतः त्यालाच मारायला असतात. ते कप्पेच कापून भंगारात गेले होते. पुण्यापर्यंत दोन तास त्या आवाजात बसणाऱ्या वयस्क बाईला काय होत असेल, याचा विचार दुकानात उभं राहून तोंडाची चकाकी बघताना कोणी करत नाही. मला त्या आजींची तक्रार या सगळ्या प्रकरणात सर्वांत वजनदार वाटली.

कंपनीच्या मापाचा सायलेन्सर, नवे हँगर, नवं गॅस्केट बसवलं. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) नशिबानं जागेवर होता. परत मोजलं: ८.७. कापलेल्या पाइपासह जितकं, तितकंच. सेकंदाचा दहावा भागही इकडेतिकडे नाही. तो आकडा त्यानं स्वतः घेतला होता, स्टॉपवॉच त्याच्याच हातात होतं.

ज्याला खरंच एक्झॉस्ट करायचा आहे त्यानं कॅटच्या मागचा भागच बदलावा, वळणं न चेपणाऱ्या बेंडिंगची घ्यावीत, आत नीट कप्प्यांचा सायलेन्सर असावा, आणि तेही इंजिनाची मागणी वाढलेली असेल तरच. कॅट काढून सरळ पाइप टाकणं मी करत नाही, कितीही पैसे दिले तरी.

रिमॅप आणि कायदा

रिमॅपनं जोर वाढतो, हे मी नाकारत नाही. दाब आणि डिझेल दोन्ही वाढवलं की टॉर्क वाढणारच. पण ही गाडी होजला चीर असताना रिमॅप केली असती तर ईसीयूने आणखी दाब मागितला असता, टर्बो आणखी वेगानं फिरला असता, हवा तितकीच गळली असती आणि जास्तीचं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडलं असतं. एक्झॉस्टचं तापमान चढतं, टर्बोचं आयुष्य घटतं. शिवाय ९८ हजार चाललेली क्लच प्लेट. चौथ्या गियरमध्ये कमी फेऱ्यांवर पाय पूर्ण दाबून बघितलं, अजून घसरत नव्हती, पण पॅडल वर येऊन पकडत होतं. वाढीव टॉर्क तिला फार दिवस पेलला नसता.

कायद्याचं मी त्याला कागदावर लिहून दिलं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट निकाल दिलाय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचे निकष मोडले तर कलम १९० खाली पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स जाणार. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला न कळवलेला बदल कारण ठरू शकतो. पोवई नाक्यावर पावती फाडून सुटता येईल, पण माणूस जखमी झालेल्या केसमध्ये सुटता येणार नाही.

पीयूसी संपलेली होती. काम सुरू करायच्या आधी मी धूर मोजून घेतला होता तेव्हा ५४ एचएसयू (धुराच्या काळेपणाचं माप), बीएस-४ डिझेलची मर्यादा ५०. काम झाल्यावर २१.

बिल टायर सोडून एकवीस हजारांच्या आत बसलं. जुने टायर विकून नव्यांवर जे घालावं लागलं तेही धरून ७८ हजारांतले निम्म्याहून जास्त पैसे त्याच्याकडेच राहिले. त्यानं रिमॅपचा विचार सोडलाय असं नाही. क्लच बदलायची वेळ येईल तेव्हा परत बोलू, असं आमचं ठरलंय, आणि त्याही वेळी माझं उत्तर हेच राहील असं मी त्याला सांगितलंय.

डिसेंबरमध्ये चिपळूणला लग्न होतं. सहा माणसं आणि सामान घेऊन ते कुंभार्लीनं गेले आले. आजी पुढच्या सीटवर बसून. येताना घाट तिसऱ्या गियरमध्ये चढला, असा त्याचा पाटणहून फोन आला.

हजार किलोमीटरनंतर क्लॅम्प तपासायला यायला सांगितलं होतं, तो आला. नवं रबर तापून थोडं बसतं, क्लॅम्प ढिला पडतो. पान्यानं दोन्ही स्क्रू बघितले. खालचा अर्धा आटा आवळला गेला, वरचा जागेवरच होता. साबणाचं पाणी त्यानं आधीच डब्यात कालवून ठेवलं होतं. ब्रश फिरवला, फेस जिथल्या तिथे राहिला.